आवाज न बिघडवता गाण्यांच्या फाइली लहान करायच्या, तर हा क्रम पाळा

नाशिकमधली भजनी मंडळं, ढोल पथकं आणि गाण्याचे क्लास यांच्याकडून "आवाज जरा नीट करून द्या" म्हणून येणाऱ्या पेनड्राइव्हमध्ये एकच प्रकार पुन्हा पुन्हा दिसतो. कार्यक्रम चांगल्या रेकॉर्डरवर घेतलेला असतो. घरी आल्यावर फाइल दोन जीबीची निघते, लॅपटॉपमध्ये जागा नसते आणि ग्रुपवर सगळे मागत असतात. मग कोणीतरी सगळं एकदम १२८ केबीपीएसच्या (सेकंदाला १२८ किलोबिट, यालाच बिटरेट म्हणतात) एमपीथ्रीत बदलतं आणि मूळ फाइली पुसून टाकतं. वर्षभराने त्याच एमपीथ्रीतून तुकडे कापले जातात, आवाज वाढवला जातो आणि पुन्हा एमपीथ्री केली जाते. तानपुऱ्याची आस तुटते, झांजा फसफसतात, तबल्याच्या थापेआधीच बारीक खरखर उमटते. तेव्हा मूळ आवाज परत आणायचा कुठलाही मार्ग उरलेला नसतो.

फाइल लहान करणं अवघड नाही. लोक चुकतात ते क्रमात. आधी लॉसलेस (काहीही न गमावता दाबलेली) प्रत, मग तपासणी, मग ऐकण्यासाठी वेगळी हलकी प्रत, आणि पुसणं सगळ्यात शेवटी.

## सुरू करण्याआधी हे पक्कं करा

गोधडी नीट घडी घालून ट्रंकेत दाबून ठेवली, तर उघडल्यावर ती तशीच्या तशी मिळते. लॉसलेस पद्धतीत हेच होतं. फ्लॅक किंवा अ‍ॅपलची एलॅक फाइल उघडली की मूळ वेव्हमधला, म्हणजे रेकॉर्डरच्या न दाबलेल्या फाइलीतला, प्रत्येक आकडा जसाच्या तसा परत येतो. एमपीथ्री, एएसी, ओपस या लॉसी पद्धतींमध्ये कानाला कमी जाणवेल असा भाग कायमचा काढून टाकलेला असतो. नंतर त्या फाइलीचं काहीही केलं तरी तो परत येत नाही.

आता आकडे. सीडीच्या दर्जाची वेव्ह म्हणजे सेकंदाला ४४,१०० सॅम्पल (आवाजाची मोजमापं), प्रत्येक सॅम्पल १६ बिटचं, डावं आणि उजवं असे दोन चॅनेल. हा हिशेब १,४११ केबीपीएसवर जातो. मिनिटाला साधारण १०.६ एमबी, तासाला ६३५ एमबी. हल्लीचे रेकॉर्डर बहुतेक वेळा ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटवर लावलेले असतात, त्यात तासाला एक जीबीहून थोडं जास्त लागतं. ९६ किलोहर्ट्झ, २४ बिटवर दोन तासांचं कीर्तन घेतलं तर चार जीबी ओलांडतात.

फ्लॅक केल्यावर किती वाचेल हे संगीतावर अवलंबून आहे. फ्लॅक मागच्या सॅम्पलवरून पुढच्या सॅम्पलचा अंदाज बांधतो आणि अंदाज जेवढा चुकला तेवढंच लिहून ठेवतो. तानपुरा, बासरी, एकटा गळा यांचा अंदाज चांगला बांधता येतो, म्हणून शांत गायनाची फाइल निम्म्यावर किंवा त्याखाली येऊ शकते. ढोल-ताशा, टाळ, पंख्याची घरघर, गर्दीचा कल्लोळ यांचा अंदाज बांधणं कठीण. त्यामुळे मिरवणुकीचं रेकॉर्डिंग कधी कधी जेमतेम पाव भागाने कमी होतं. तसं झालं तर काही बिघडलंय असं समजू नका. तिथे फ्लॅकची मर्यादाच तेवढी आहे.

सावधान: फाइलच्या नावाच्या शेवटी "वेव्ह" काढून "एमपीथ्री" लिहिल्याने फाइल लहान होत नाही, फक्त काही प्लेअर गोंधळतात. झिप करूनही एमपीथ्रीचा आकार जवळपास तेवढाच राहतो.

## तयारी

संगणकात मूळ फाइलींएवढी मोकळी जागा हवी, कारण काही काळ जुन्या आणि नव्या दोन्ही प्रती एकत्र नांदणार आहेत. शंभर जीबी वेव्ह असेल तर तात्पुरती बाहेरची हार्ड डिस्क लावा. मोकळ्या दहा जीबीत रेटारेटी करत एकेक फाइल बदलायची आणि लगेच मूळ पुसायची, ही पद्धत सर्वांत घातक. वीज गेली, केबल हलली, की अर्धवट फाइल हातात राहते.

सॉफ्टवेअर मोजकं पुरतं. कापाकापीसाठी ऑडॅसिटी. विंडोजवर बदलण्यासाठी फूबार आणि त्याचं मोफत एन्कोडर पॅक (नव्या प्रकारची फाइल बनवणारी जोड). मॅकवर एक्सएलडी. टॅग, म्हणजे फाइलीतच नोंदलेली गाण्याची माहिती, लिहायला एमपीथ्रीटॅग, आणि फाइलीतल्या आवाजाचं चित्र पाहायला स्पेक (आडवी वेळ, उभी फ्रिक्वेन्सी, रंग म्हणजे जोर). सगळी मोफत मिळतात, फक्त एमपीथ्रीटॅगची मॅकवरची आवृत्ती विकत घ्यावी लागते. प्रत्येकाच्या मूळ संकेतस्थळावरूनच घ्या. "ऑनलाइन कन्व्हर्टर" म्हणणाऱ्या साइटवर मंडळाचं रेकॉर्डिंग चढवू नका. तिथे कोणती सेटिंग लागली हे अनेकदा कळत नाही, आणि अप्रकाशित गाणं परक्या सर्व्हरवर जातं ते वेगळंच.

ऐकायला तारेचा हेडफोन हवा. ब्लूटूथ हेडफोन बहुतेक वेळा आवाज स्वतःच पुन्हा लॉसी पद्धतीने दाबून पाठवतो. त्यावर दोन फाइलींची तुलना केली तर फरक फाइलचा की ब्लूटूथचा, हे ठरवता येत नाही.

## टप्पा १: मूळ फाइलींची प्रत आणि नावं

कार्डवरच्या किंवा पेनड्राइव्हवरच्या सगळ्या फाइली हार्ड डिस्कवर एका फोल्डरमध्ये घ्या. त्याला "मूळ" असं नाव द्या आणि त्यातली एकही फाइल उघडून सेव्ह करू नका. पुढचं सगळं काम दुसऱ्या फोल्डरमध्ये.

याच वेळी नावं बदला. रेकॉर्डर फाइलला नुसता क्रमांक देतो. फाइल बदलली की कित्येकदा तिची तारीखही आजची होते, आणि कार्यक्रम नेमका कधीचा होता हे कायमचं हरवतं. नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग ठिकाण आणि विषय लिहा. वसंत व्याख्यानमालेचं व्याख्यान, निवृत्तिनाथांच्या पालखीतले अभंग, कालिदास कलामंदिरातली मैफल, काहीही असो, नावावरून ओळखता आलं पाहिजे. वर्ष पुढे असलं की यादी आपोआप तारखेप्रमाणे लागते.

तपासा: कार्डवरच्या आणि "मूळ" फोल्डरमधल्या फाइलींची संख्या व एकूण बाइट सारखे आहेत का? नाव बदलल्याने बाइट बदलत नाहीत. पटेपर्यंत कार्ड फॉरमॅट करू नका.

## टप्पा २: हातात नेमकं काय आहे ते ओळखा

या टप्प्याला लोक सर्रास फाटा देतात आणि पुढची सगळी मेहनत इथेच वाया जाते.

फाइली तीन गटांत पडतात. पहिल्या गटात वेव्ह किंवा एआयएफएफ येतात, यांनाच फ्लॅक करायचं. दुसऱ्या गटात एमपीथ्री, एमफोरए (एलॅक सोडून), ओजीजी, व्हॉट्सअ‍ॅपच्या व्हॉइस नोट. या आधीच लॉसी आहेत. बऱ्याच मोबाइलच्या रेकॉर्डर अ‍ॅपमधून थेट एमफोरए निघते, तीही बहुधा याच गटातली. यांना फ्लॅक करू नका. चार एमबीची एमपीथ्री फ्लॅक केली तर वीस-पंचवीस एमबीची होते आणि आवाज कणभरही सुधारत नाही. जशी आहे तशी ठेवा.

तिसरा गट फसवा असतो. नाव वेव्ह किंवा फ्लॅक, पण आत जुनी एमपीथ्री. कोणीतरी "क्वालिटी वाढवून" दिलेली असते. गाणी भरून आणलेल्या पेनड्राइव्हमध्ये अशा फाइली भरपूर सापडतात. ओळखायला फाइल स्पेकमध्ये टाका. खरी वेव्ह असेल तर टाळ-झांजांच्या जागी रंग वर २० किलोहर्ट्झच्या आसपास, कधी त्याहूनही वर पोचलेला दिसतो. १२८ केबीपीएसच्या एमपीथ्रीतून आलेली असेल तर १६-१७ किलोहर्ट्झवर पट्टीने आखल्यासारखी आडवी रेघ असते आणि तिच्यावर काळोख. ३२० ची एमपीथ्री असेल तर ती रेघ २० किलोहर्ट्झजवळ असते, म्हणून ती ओळखणं जास्त अवघड.

इथे घाईने निकाल देऊ नका. जुन्या कॅसेटवरून उतरवलेल्या गाण्यातही वरचा भाग रिकामाच असतो, कारण कॅसेटमध्ये तो मुळात कमी असतो. पण तिथे रंग हळूहळू विरत जातो. सरळ कापलेली कडा दिसली की संशय घ्यायचा. नुसत्या बोलण्याच्या रेकॉर्डिंगवरून या पद्धतीने काहीच ठरवू नका.

सावधान: फसवी वेव्ह सापडली आणि तिची मूळ एमपीथ्री कोणाकडे मिळाली, तर मूळ एमपीथ्रीच जपा. ती लहानही असते आणि आवाजही तोच.

## टप्पा ३: कापायचं ते आत्ताच कापा

सगळ्यात जास्त जागा अनेकदा इथेच वाचते, आणि गाण्याच्या आवाजाला धक्काही लागत नाही. रेकॉर्डर कार्यक्रमाच्या अर्धा तास आधी सुरू केलेला असतो. माइक तपासणी, खुर्च्यांचा आवाज, आभारानंतरची पांगापांग, सगळं त्यात असतं. सव्वादोन तासांच्या फाइलमध्ये गाणं दीड तासाचं असेल, तर तिसरा हिस्सा कापूनच गेला.

ऑडॅसिटीमध्ये कापताना तीन गोष्टी बघा.

पहिली, सॅम्पल रेट. मूळ फाइल ४८ किलोहर्ट्झची असेल तर प्रोजेक्ट आणि एक्स्पोर्टही ४८ वरच हवा. तिथे ४४.१ राहिला तर सॉफ्टवेअर न विचारता सगळे सॅम्पल नव्याने काढतं.

दुसरी, डिदर. प्रेफरन्सेसमधल्या क्वालिटी विभागात "हाय क्वालिटी कन्व्हर्जन" खाली डिदर असतो, तो या टप्प्यासाठी "नन" करा. डिदर म्हणजे बिट कमी करताना मुद्दाम मिसळलेली अगदी बारीक खरखर. बिट कमी करायचे नसतील तर ती नको. डिदर बंद ठेवून नुसतं कापलं आणि तितक्याच बिटवर बाहेर काढलं, तर उरलेला भाग मुळाशी तंतोतंत जुळतो.

तिसरी, हात आवरा. आवाज वाढवणं, नॉइज रिडक्शन, बास चढवणं यातलं काहीही जपायच्या प्रतीवर करू नका. गंगाघाटावरच्या रेकॉर्डिंगमध्ये वाऱ्याची घरघर असतेच. ती काढायची इच्छा होणार, आणि ऐकण्याच्या प्रतीत जरूर काढा. पण आज लावलेला नॉइज रिडक्शन गाण्यातलं काय काय घेऊन गेला, हे पाच वर्षांनी चांगल्या हेडफोनवर ऐकताना कळतं.

### खोटा स्टिरिओ

एकाच माइकवर घेतलेलं रेकॉर्डिंग बऱ्याचदा स्टिरिओ फाइलमध्ये पडतं. दोन्ही बाजूंना हुबेहूब तेच. तपासायला ट्रॅकच्या मेनूतून "स्प्लिट स्टिरिओ टू मोनो" करा, एका ट्रॅकवर "इन्व्हर्ट" लावा (त्याने लाट उलटी होते आणि सारखे आवाज एकमेकांना खोडतात) आणि दोन्ही एकत्र वाजवा. मीटर अजिबात हललं नाही, तर दोन्ही बाजू एकच आहेत. एक ट्रॅक काढून टाका, वेव्ह निम्मी झाली. अगदी बारीक का होईना, आवाज उरला तर तो खरा स्टिरिओ आहे. इन्व्हर्ट मागे घ्या आणि फाइल आहे तशी ठेवा.

केबल नीट न बसल्याने फक्त डाव्या बाजूला आवाज आहे आणि उजवी बाजू रिकामी आहे, असंही होतं. तिथे "मिक्स टू मोनो" करू नका. ते दोन्ही बाजूंची सरासरी काढतं आणि आवाज निम्म्यावर, म्हणजे ६ डेसिबलने, खाली येतो. रिकामा ट्रॅक काढून भरलेला ठेवा.

## टप्पा ४: बिट आणि सॅम्पल रेट कमी करायचे का?

माझं मत सरळ आहे. जागा फारच अडत असेल तरच करा, आणि ९६ किंवा १९२ किलोहर्ट्झच्या फाइलींपासून सुरुवात करा.

माणसाच्या कानाला साधारण २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं, वय वाढलं की त्याहून कमी. ४८ किलोहर्ट्झचा सॅम्पल रेट २४ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज धरतो. म्हणून ९६ वरून ४८ वर आणल्याने ऐकण्यात काही जात नाही आणि वेव्हचा आकार निम्मा होतो. मात्र ४८ वरून ४४.१ वर आणू नका. जेमतेम आठ टक्के वाचतात आणि विनाकारण एक प्रक्रिया वाढते.

२४ वरून १६ बिट हा निर्णय जास्त विचाराने घ्यायचा. १६ बिटमध्ये सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठ्या आवाजात सुमारे ९६ डेसिबलचं अंतर मावतं. सभागृहातला एसी आणि मांडवातला जनरेटर यांचा आवाज त्या तळाच्या कितीतरी वर असतो, म्हणून तयार झालेल्या रेकॉर्डिंगला १६ बिट पुरतात. अडचण तेव्हा येते, जेव्हा रेकॉर्डिंग फार हळू झालेलं असतं आणि पुढे २०-३० डेसिबल वाढवायचं असतं. तशी फाइल २४ बिटवरच ठेवा. १६ वर आणायची ठरलीच, तर टप्पा ३ मध्ये बंद केलेला डिदर आता सुरू करा, आणि हे काम एकदाच करा.

काटेकोर बोलायचं तर ही पायरी लॉसलेस नाही. कानाला फरक पडत नाही, पण आकडे बदलतात. म्हणून ज्यांना मूळ जसंच्या तसं हवं त्यांनी हा टप्पा सोडून थेट पुढे जावं. आणि पुढच्या कार्यक्रमाला रेकॉर्डर मुळातच ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर लावावा, म्हणजे हा प्रश्नच येणार नाही.

## टप्पा ५: फ्लॅक करा

फूबारमध्ये सगळ्या तयार वेव्ह ओढा, निवडा, राइट क्लिक करून "कन्व्हर्ट" आणि त्यात फ्लॅक. सुरू करण्याआधी सेटिंगमध्ये पुढच्या चार जागा बघा.

बिट डेप्थ "ऑटो" वर. डिदर "नेव्हर" वर. "प्रोसेसिंग" मध्ये डीएसपीची, म्हणजे आवाजावर करायच्या प्रक्रियांची, यादी रिकामी आणि रिप्लेगेन (आवाजाची पातळी जुळवणारी सोय) बंद. इथे आधी कधीतरी लावलेला इक्वलायझर राहून गेलेला असतो, आणि मग "फ्लॅक केल्यावर आवाज बदलला" अशी तक्रार येते. बदल फ्लॅकने केलेला नसतो.

चौथी जागा कॉम्प्रेशन लेव्हल. ० ते ८ असे आकडे असतात, आणि गैरसमज असा की ८ म्हणजे जास्त दाबलेला, म्हणून वाईट आवाज. तसं मुळीच नाही. शून्य आणि आठ, दोन्ही उघडल्यावर तोच आवाज देतात. आठवर संगणक जास्त वेळ घेतो आणि फाइल थोडी लहान निघते, इतकंच. मी आठच ठेवते. नेहमीचं ५ ठेवलं तरी हरकत नाही.

आयफोनवरच्या म्युझिक अ‍ॅपमध्ये घालायचं असेल तर फ्लॅकऐवजी एलॅक करा. तेही लॉसलेस आहे. उद्या विचार बदलला तर एलॅकचं फ्लॅक आणि फ्लॅकचं एलॅक करता येतं, काहीही न गमावता.

तपासा: नव्या फोल्डरमधल्या फाइलींची संख्या आणि प्रत्येकीची लांबी मिनिट-सेकंदांत जुळते का? रेकॉर्डर अनेकदा २ जीबी झाली की फाइल तोडून दुसरी सुरू करतो. तो दुसरा तुकडा मागे राहिलेला नाही ना, हे खास बघा.

## टप्पा ६: खरोखर तोच आवाज आहे का, याचा पुरावा

थोडंसं वाजवून "वाजतंय" म्हणणं ही तपासणी नव्हे. चाळिसाव्या मिनिटाला बिघाड असेल तर तो असा कळणार नाही.

फ्लॅक फाइलमध्ये मूळ आवाजाचा एमडी५ नावाचा ठसा लिहिलेला असतो. फूबारला "फाइल इंटेग्रिटी व्हेरिफायर" ही जोड लावली की "व्हेरिफाय इंटेग्रिटी" ने सगळ्या फाइली एकदम तपासता येतात. फाइल पूर्ण उलगडली जाते, नवा ठसा काढला जातो आणि जुन्याशी ताडला जातो. एका बिटचा फरक असला तरी दोष दाखवला जातो.

दुसरी परीक्षा एखाद-दोन फाइलींवर स्वतःच्या डोळ्यांनी करा, म्हणजे विश्वास बसेल. टप्पा ३ मधली कापलेली वेव्ह आणि तिचा फ्लॅक ऑडॅसिटीत एकाखाली एक घ्या, एकावर इन्व्हर्ट लावा, दोन्ही वाजवा. पूर्ण शांतता आणि न हललेलं मीटर म्हणजे दोन्ही एकच. टप्पा ४ मध्ये बिट कमी केले असतील तर तुलना त्यानंतरच्या वेव्हशी करा. त्याआधीच्या मूळ फाइलीशी केली तर डिदरची बारीक खरखर उरणारच.

## टप्पा ७: चित्रांची जागा

टॅग भरताना कव्हर म्हणून मोबाइलने काढलेला मंडळाचा फोटो लावला जातो, पूर्ण आकारात. असा फोटो सहज चार एमबीचा असतो आणि तो प्रत्येक फाइलीत वेगळा बसतो. वीस अभंगांचा संच असेल तर ८० एमबी नुसत्या फोटोचे. फोटो ६०० बाय ६०० पिक्सेलचा जेपीजी करा, शंभरेक केबीत बसतो. मग एमपीथ्रीटॅगमध्ये सगळ्या फाइली निवडून जुनं चित्र काढा आणि नवं लावा. टॅग आणि चित्र बदलल्याने आवाजाचा भाग हलत नाही. त्यामुळे जुन्या एमपीथ्रींवरही हे निर्धास्त करा. आवाज न बिघडवता त्या लहान करण्याचा हा सर्वांत सोपा मार्ग आहे.

टॅगमध्ये राग, ताल, साथीदारांची नावं आत्ताच लिहा. तबल्यावर कोण होतं, हे दहा वर्षांनी कोणाला आठवत नाही.

## टप्पा ८: ऐकण्यासाठी हलकी प्रत

आता लॉसीची पाळी. नियम एकच, आणि तो कडक आहे: प्रत्येक हलकी प्रत थेट फ्लॅकमधून काढायची. एमपीथ्रीतून एएसी नको, ३२० मधून १२८ नको. प्रत्येक फेरीत आवाजाचा थोडा थोडा भाग जातो आणि तोटा साचत जातो.

कोणती प्रत कशासाठी? गाडीतल्या आणि जुन्या स्पीकरसाठी एमपीथ्री, कारण ती सगळीकडे चालते. लेम या एमपीथ्री बनवणाऱ्या एन्कोडरमध्ये व्ही० ही बदलत्या बिटरेटची सेटिंग निवडा, सरासरी २४५ केबीपीएसच्या आसपास पडते. व्ही२ ची सरासरी १९० च्या जवळ, तीही बहुतेकांना मुळापासून वेगळी ओळखता येत नाही. काही जुने प्लेअर बदलत्या बिटरेटच्या फाइलीची वेळ चुकीची दाखवतात. तिथे ठरावीक ३२० द्या, मिनिटाला २.४ एमबी. अँड्रॉइड फोनसाठी ओपस १२८ हा मला सर्वांत चांगला सौदा वाटतो, मिनिटाला एक एमबीहून कमी. पण गाडीत ओपस बहुधा चालत नाही. व्याख्यान किंवा प्रवचन असेल तर ओपस मोनो ३२ केबीपीएस पुरतं. तासाभराचं भाषण १५ एमबीच्या आत येतं आणि शब्दन् शब्द स्वच्छ ऐकू येतो.

"जॉइंट स्टिरिओ" (दोन्ही बाजूंमधलं सारखं एकदाच लिहायची पद्धत) चालूच ठेवा. त्याने स्टिरिओ मोडतो ही समजूत चुकीची आहे. उलट त्याच बिटरेटमध्ये आवाज चांगला बसतो.

आपल्या संगीतात लॉसीची चूक कुठे पकडायची, हे माहीत असलं की तपासणी लवकर होते. एमपीथ्री आवाजाचे १,१५२ सॅम्पलचे तुकडे पाडते, सीडीच्या दराने सुमारे २६ मिलिसेकंदांचे. तुकड्याच्या मध्येच तबल्याची "ना" किंवा ताशाची काडी पडली, तर तिचा गोंधळ थापेच्या आधीच्या शांततेतही पसरू शकतो. कमी बिटरेटवर तो खरखर होऊन ऐकू येतो. म्हणून थापेच्या आधीचा क्षण ऐका. मग टाळ-झांजा एकत्र वाजतात ती जागा. मग आलाप संपून नुसता तानपुरा उरतो ती जागा. या तिन्ही ठिकाणी फरक कळला नाही, तर इतरत्र कळण्याची शक्यता फार कमी.

तुलना करताना दोन्ही फाइलींचा आवाज सारखा ठेवा, कारण जरा मोठी फाइल नेहमी "चांगली" वाटते. आणि कोणती फाइल वाजतेय हे माहीत असताना दिलेला कौल धरू नका. फूबारसाठी एबीएक्स नावाची जोड मिळते, ती फाइली लपवून वाजवते आणि तुमचे अंदाज मोजते.

सावधान: बडा ख्याल संपून छोटा ख्याल न थांबता सुरू होतो, अशा सलग मैफलीचे तुकडे एमपीथ्रीत केले तर सांध्यावर क्षणभर खंड पडू शकतो, कारण एमपीथ्री सुरुवातीला आणि शेवटी थोडी शांतता जोडते. अशा मैफलीची हलकी प्रत एकाच सलग फाइलमध्ये द्या, किंवा फ्लॅकचे तुकडे द्या.

## टप्पा ९: पाठवताना

व्हॉट्सअ‍ॅपवर "डॉक्युमेंट" म्हणून जोडा. २ जीबीपर्यंतची फाइल जाते आणि जशीच्या तशी पोचते. स्पीकरवर गाणं लावून त्याची व्हॉइस नोट पाठवू नका.

यूट्यूबवर टाकायच्या व्हिडिओला आवाज फ्लॅकचा किंवा वेव्हचा जोडा. यूट्यूब स्वतः पुन्हा लॉसी करतंच. त्याला एमपीथ्री दिली तर दोनदा मार बसतो. पेनड्राइव्ह गाडीसाठी फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीहून मोठी फाइल त्यात बसत नाही, हेही लक्षात असू द्या.

## टप्पा १०: मूळ वेव्ह पुसणं

इतकं सगळं झाल्यावरच. फ्लॅकच्या दोन प्रती दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर हव्यात, आणि शक्यतो दोन वेगळ्या घरांत. एक पंचवटीत अध्यक्षांकडे, दुसरी सिडकोत एखाद्या वादकाकडे, अशी वाटणी मंडळांना सहज जमते. पेनड्राइव्ह ही जपायची जागा नव्हे. दोन्ही डिस्कवर टप्पा ६ ची इंटेग्रिटी तपासणी पुन्हा चालवा, कारण बिघाड कॉपी करतानाही होतो. दोन्हीकडे दोष शून्य आला की मग "मूळ" फोल्डरमधल्या वेव्ह पुसा. पुढे वर्षातून एकदा, समजा गणपतीचा सराव सुरू होण्याआधी, हीच तपासणी करत जा. एका डिस्कवर दोष निघाला तर दुसरीवरून ती फाइल परत घेता येते.

## हातात फक्त जुनी एमपीथ्रीच असेल तर

तिला पुन्हा दाबू नका. नको असलेला भाग काढायचा तर ऑडॅसिटी वापरू नका, कारण एक्स्पोर्ट करताना ती फाइल नव्याने एमपीथ्री करते. एमपीथ्रीडायरेक्टकट हे सॉफ्टवेअर मूळ तुकडे न उलगडता कापतं, त्यामुळे आवाज तसाच राहतो. मोठं कव्हर असेल तर लहान करा. एकाच गाण्याच्या अनेक प्रती असतील तर स्पेकमध्ये पाहून चांगली निवडा आणि बाकीच्या काढा. १२८ वरून ३२० केलेली प्रत हमखास काढा. ती आकाराने अडीचपट असते आणि एक फेरी जास्त झाल्याने आवाजात उणी.

त्यानंतर ज्यांनी तो कार्यक्रम रेकॉर्ड केला होता त्यांना फोन करा. कार्डवर, जुन्या लॅपटॉपमध्ये, साउंडवाल्याच्या डिस्कवर मूळ वेव्ह राहून गेलेली असते, असं बऱ्याचदा दिसतं. मिळाली, तर टप्पा १ पासून सुरू करा.